मूठभर तांदूळ

शमिकाने डबा चांगला हलवला, त्यातली वाटीभर भाजणी स्टीलच्या ताटात ओतली आणि निवडायला बसली. तांदूळ एकीकडे, हरभरा डाळ दुसरीकडे.

“दळायच्या आधी परत कोण निवडतं, शमू?” हेमलताआत्या म्हणाली. “नानांनी निवडूनच भाजलंय ते.”

पण शमिकाला प्रमाण हवं होतं. तिचे आजोबा, म्हणजे आत्याचे नाना, जाऊन दीड महिना झाला होता. थालीपिठाची भाजणी घरात तेच करत, अंदाजाने, आणि कुणी प्रमाण विचारलं की ‘हाताला कळतं’ म्हणून त्याला वाटेला लावत. त्यांनी भाजलेला हा शेवटचा डबा. ठेवला तर खवट होणार, दळला तर चार रविवारांत संपणार, आणि मग तशी थालीपिठं बेंगळुरूतल्या हेब्बाळच्या या घरात पुन्हा व्हायची नाहीत. शमिकाची नोकरी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याची. वाटीभर नमुन्यावरून सगळ्या डब्याचं प्रमाण काढता येईल, असं तिचं म्हणणं. आत्याने जरा कुरकुर केली, मग चष्मा लावला आणि बाजरी वेगळी करू लागली.

नानांच्या भाजणीत नाचणीला मज्जाव होता. त्यांची सगळी नोकरी इथल्या सरकारी कारखान्यात, तपासणी खात्यात गेली होती. सुट्या भागात केसभर फरक दिसला तरी ते माल परत पाठवत, आणि तोच खाक्या त्यांनी घरात आणला. बेंगळुरूच्या गिरण्यांत दिवसभर नाचणी दळतात, तिचं पीठ चक्कीच्या दगडांना चिकटून राहतं आणि थालीपीठ काळं पडतं, ही त्यांची जन्माची तक्रार. म्हणून शिवाजीनगरच्या गिरणीत जाताना ते घरून मूठभर तांदूळ न्यायचे. गिरणीवाल्याने आधी ते दळून चक्की साफ करायची, मगच भाजणी घालायची. शमिका लहानपणी सोबत जायची, आणि दरवेळी या हट्टाची लाज वाटून तिला तिथून पळून जावंसं वाटे.

तासाभरात ताटात आठ ढीग झाले. नववा, तांबूस काळ्या बारीक दाण्यांचा. आत्याला आधी ती मोहरी वाटली. तिने चार दाणे दाताखाली धरले आणि सावकाश चावत राहिली.

“काय आहे गं?”

“नाचणी,” आत्या म्हणाली.

गिरणीत मिसळली म्हणावं तर हा डबा अजून गिरणीत गेलाच नव्हता. चुकून पडली म्हणावं तर वजनकाट्यावर ती बाजरीच्या बरोबरीने भरली. आत्याला ते लागलंच. ज्या माणसाने उभा जन्म नाचणीच्या नावाने बोटं मोडली, त्याने असं करावं? आणि कधीपासून?

कधीपासून ते शमिकाला कळलं होतं. ती आठवीत असताना तिचं हिमोग्लोबिन फार उतरलं होतं. डॉक्टरांनी नाचणी द्यायला सांगितली. आईने आंबील केली, लाडू केले, शेवटी रडवेली होऊन रागे भरली. शमिकाने तोंड उघडलं नाही. तिच्या बाजूने घरात एकटे आजोबा उभे राहिले. नको असेल तर देऊ नका तिला, मलासुद्धा आवडत नाही, असं त्यांनी सगळ्यांना बजावलं. त्याच महिन्यापासून रविवारची थालीपिठं बुधवारीही होऊ लागली. दिवाळीपर्यंत हिमोग्लोबिन वर आलं. डॉक्टरांनी श्रेय गोळ्यांना दिलं, आईने बीटाला. आजोबांनी कुणालाच काही सांगितलं नाही, आणि पुढची चौदा वर्षं भाजणीही बदलली नाही.

शमिकाला एकदम आजोबा हवेसे झाले, निदान भांडायला तरी.

“हे लिहू नकोस,” आत्या हळूच म्हणाली. शमिकाने वहीत नववी ओळ लिहिली, सगळे ढीग पुन्हा एकत्र केले आणि डब्यात ओतले.

दुपारी ती डबा घेऊन शिवाजीनगरला गेली. म्हाताऱ्या गिरणीवाल्याने ‘तातां’ची, म्हणजे आजोबांची, चौकशी केली, तेव्हा तिने झालं ते सांगितलं. त्याने वर पाहून हात जोडले. मग नेहमीच्या सवयीने त्याने डब्याचं झाकण काढलं आणि भाजणीत बोटं फिरवली. तांबूस दाणे वर आले. ते तिलाही दिसले आणि त्यालाही.

शमिकाने पर्समधून कागदाची पुडी काढली.

“अण्णा, आधी हे मूठभर तांदूळ घाला,” ती कन्नडमध्ये म्हणाली. “चक्कीत नाचणी राहिली असेल. आमच्या भाजणीत ती चालत नाही.”

गिरणीवाल्याने चेहऱ्यावरची रेषही हलू न देता पुडी घेतली.

“सरी, अम्मा,” तो म्हणाला. तातांनाही तो इतकी वर्षं ‘सरी’, म्हणजे ‘बरं’, एवढंच म्हणत आला होता.