मोठा फटका

गुडघ्याच्या तिसऱ्या ऑपरेशननंतर शिव बेसबॉलच्या मैदानावर परतला, तो जणू वेगळाच खेळाडू होऊन. एकेकाळचा सगळ्यांत भरवशाचा बॅटर आता प्रत्येक चेंडू थेट मैदानाबाहेर भिरकावून होमरन मारायला बघायचा आणि बहुतेक वेळा बाद व्हायचा. "टाळ्यांची चटक लागलीय याला," टीव्हीवर समालोचक म्हणायचे. टेक्सासमधल्या प्लेनोच्या घरी बसून मॅच बघणाऱ्या त्याच्या आईला, शरयूलाही हळूहळू ते पटायला लागलं होतं.

सुट्टीत तो घरी जेवायला आला, तेव्हा तिनं विचारलंच, "अरे, पूर्वीसारखा साधा फटका मारून पळत का नाहीस?"

टेबलाचा आधार घेत शिव सावकाश खुर्चीत बसला.

"आई, होमरन मारला ना, की पळावं लागत नाही. चालत गेलं तरी चालतं."