टू थ्री जा एट

वॉचमन दत्तात्रेयने रचनाची पिवळी व्हॅन लांबूनच ओळखली आणि हात हलवला. "ताई, शाळा सुटायला अजून दीड तास हाय!"

"आज न्यायला न्हाय आले, काका. घालायला आले," रचना म्हणाली आणि लेकीला, मैत्रीला, पुढच्या सीटवरून उतरवून घेतलं.

दोन वर्षं ती थळ-नवगावची चौदा मुलं या फाटकापाशी आणून सोडत होती, पण फाटकाच्या आत तिचं पाऊल कधी पडलं नव्हतं. घरी सांभाळायला कुणी नाही, म्हणून मैत्रीही दोन्ही फेऱ्यांना गाडीतच असायची. पहिलीत जाणारा एक मुलगा पुण्याला निघाला, जूनपासून त्याची जागा रिकामी, ही बातमीसुद्धा रचनाला मागच्या सीटवरूनच कळली. त्याच दुपारी तिने फाटकावरूनच फॉर्म मागवून नेला होता. आता एका जागेला नऊ अर्ज होते.

मुख्याध्यापिका कल्पिता मॅडमनी दोघींना बसवलं. "आठ मुलांशी बोलून झालं. तुम्हीच शेवटच्या. काय गं, नाव काय तुझं?"

मैत्रीने खाली बघितलं.

"हा कोणता रंग? बरं, हा? एखादी कविता येते?"

काही नाही. गाडीत हिच्या बडबडीमुळे रचनाला मागून आलेला हॉर्न ऐकू यायचा नाही, आणि इथे ती तोंड घट्ट मिटून फ्रॉकचं बटण पिरगाळत बसली होती. रचनाने टेबलाखालून हळूच ढोसलं. तरी नाही.

मॅडमचा आवाज वाईट नव्हता, पण त्यांनी फॉर्म बाजूच्या गठ्ठ्यावर ठेवला. "बुजलीय. असू दे, रचनाताई. पुढच्या वर्षी बघू या का?"

पुढच्या वर्षी जागा कुठली निघायला! रचनाने एकदा मैत्रीकडे पाहिलं. मग गाडी चालवताना बघावं तसं समोर, खिडकीबाहेर बघत, अगदी सहज आवाजात ती बोलू लागली.

"टू वन जा टू. टू टू जा फोर. टू थ्री जा एट."

मॅडमनी चमकून वर पाहिलं. मैत्रीचे ओठ हलले.

"टू फोर जा नाईन," रचना पुढे म्हणाली.

"मम्मी!" मैत्री खुर्चीवरून खाली उतरली. "एट न्हाय, सिक्स! आन् नाईन न्हाय, एट! किती वेळा सांगायचं तुला?"

आणि मग ती थांबेचना. दोनचा पाढा संपला तो तीनचा लागला. आठवड्याचे वार झाले, महिने झाले, त्यात ऑगस्ट दोनदा आला. फाटकाबाहेर उभं राहून रोज ऐकलेली शाळेची प्रार्थना तिने हात जोडून, एक डोळा उघडा ठेवून म्हटली. शेजारच्या खोलीतले क्लार्क दारात येऊन उभे राहिले.

"आणि हा रंग?" मॅडमनी मघाचंच चित्र पुढे केलं.

"पर्पल. तुमची साडी पन पर्पल हाय. पन ती फिकी."

मॅडमनी पदराकडे बघितलं. खरंच फिकी होती.

"हे सगळं हिला शिकवलं कोणी?"

"मागं बसनाऱ्या पोरांनी," रचना म्हणाली. "गाडीतच."

"आणि तुम्ही आत्ता मुद्दाम चुकलात?"

रचना ओशाळली. "पहिल्यांदा खरंच चुकले होते, मॅडम. सगळी पोरं हसली. ही पन हसली, आन् बरोबर बोलली. मंग मी रोज चुकायला लागले. आता मला सतरापर्यंत पाढे येतात, पन गाडीत कुनाला सांगत न्हाय."

मॅडम हसल्या नाहीत. गठ्ठ्यावरचा फॉर्म त्यांनी परत पुढ्यात ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि एकेक रकाना भरायला घेतला.

"वडील काय करतात?"

"ट्रेलरवर डायवर हायेत. न्हावा शेवा बंदराला."

"मुलीची ने-आण कशी करणार?" मॅडमनी सवयीने विचारलं आणि पेन तसंच थांबलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि एकदम हसू फुटलं. काय झालं ते न कळता मैत्रीही खिदळायला लागली. हसता हसताच मॅडमनी खाली सही केली. "सोमवारी दोन फोटो घेऊन या. आणि फाटकाशी थांबू नका, आत या."

बाहेर आल्यावर रचनाला गाडीपर्यंतही धीर धरवला नाही. आंब्याच्या झाडाखाली उभं राहून तिने नवऱ्याला, अजितला, फोन लावला. तो बंदराजवळच्या करळ फाट्यावर ट्रेलरच्या रांगेत अडकला होता.

"अवो, झालं! मैत्रीचं झालं! पहिलीत घेतलं तिला!"

पलीकडून अजितचा एक लांबलचक हॉर्न आला. तो संपायच्या आत मागून दुसरा, मग तिसरा, मग किती ते कळेना. रचनाने फोन स्पीकरवर टाकून मैत्रीच्या कानाशी धरला.

"अवो, येवढे कोन वाजवतात?"

"मागचे सगळे!" अजित त्या गोंगाटात हसत ओरडत होता. "त्यांना वाटलं, रांग हलली!"