चौदा नंबरचा पाना

“एवढं पान राहिलंय,” साहेबांनी फायलीतून कागद काढून टेबलावर ठेवला. “उद्या पुस्तक छापायला जाणार. म्हटलं, तुम्हाला दाखवल्याशिवाय नको.”

म्हाताऱ्याने चष्मा पुसला, पण कागदाला हात लावला नाही. हवाई दलाच्या स्क्वाड्रनमध्ये त्याला सगळे चौदा नंबर म्हणत. निवृत्त होऊन पंचवीस वर्षं झाली तरी ते नाव काही सुटलं नव्हतं.

विमानदुरुस्तीची हत्यारखोली त्याच्या ताब्यात असायची. प्रत्येक हत्याराला लाल पट्टा आणि नंबर, भिंतीवरच्या फळीवर प्रत्येकाची जागा रंगवलेली. एक जरी कमी भरलं, तर त्या दिवशी एकही विमान उडायचं नाही. विमानाच्या पोटात पाना राहिला, तर वैमानिकाचा जीवच जायचा! आणि एका सकाळी नेमका चौदा नंबरचा पाना गायब झाला.

मग काय विचारता! बाराही विमानं जागच्या जागी. कमांडरपासून स्वयंपाक्यापर्यंत सगळी मंडळी गुडघे टेकून गवत चाचपतायत, आणि कवायती बघायला आलेले बडे पाहुणे त्यांची ही कवायत बघतायत. पाना काही मिळाला नाही. चौदा नंबरची बढती मात्र गेली ती गेलीच.

साहेब तेव्हा सगळ्यात नवे वैमानिक. त्यांची त्या दिवशीची आठवणही काही फार शौर्याची नव्हती. आदल्या रात्रीपासून अंगात ताप होता. आजारपणाची नोंद आधीच दोनदा झालेली. तिसरी झाली असती तर विमान कायमचं सुटलं असतं. म्हणून त्यांनी कुणापाशी अवाक्षर काढलं नाही. नेहमीप्रमाणे हत्यारखोलीत जाऊन चौदा नंबरकडून पेन मागून घेतलं, त्याच्याच टेबलावरच्या वहीत विमान ताब्यात घेतल्याची सही ठोकली. उड्डाण रद्द झाल्यावर बाकीचे गवतात रांगत होते, तेव्हा हे पठ्ठे विश्रांतीच्या खोलीत ढाराढूर. पुढे त्याच स्क्वाड्रनचे कमांडर झाले, आणि आता तिचा इतिहास लिहीत होते.

“जुन्या नोंदीत काय आहे माहितीये? ‘हत्यारखोलीचा निष्काळजीपणा’,” साहेब म्हणाले. “अख्ख्या इतिहासात तुमचा उल्लेख एकदाच, आणि तोही असा! तुमच्याइतका चोख माणूस मी पाहिला नाही.”

“असू द्या की. पुस्तकात आलो, हे काय कमी झालं?” म्हातारा हसला.

“दात काय काढताय?” बायको चहा घेऊन बाहेर आली. “धांदरटाची बायको म्हणून जन्मभर मी टोमणे खाल्लेत. नातवंडांनीही तेच वाचायचं का? भाऊजी, तुम्ही खोडाच ते.”

“खोडलंय, वहिनी. ऐका.” साहेबांनी कागद उचलून वाचलं, “‘तो पाना मीच न सांगता नेला आणि हरवला. हत्यारखोलीचा त्यात काहीही दोष नव्हता.’ खाली माझी सही.”

बायकोने पदर डोळ्यांना लावला.

“पण साहेब, तुम्ही नेला नव्हता,” म्हातारा म्हणाला.

“मग काय झालं? या वयात माझं कोण काय वाकडं करणार? तुमच्या नावावरचा डाग तर जाईल.” साहेबांना अगदी हलकं वाटत होतं. कित्येक वर्षांत इतकं चांगलं काम आपल्या हातून झालेलं नाही, असंही वाटून गेलं.

त्यांनी कागद टेबलावर ठेवला. पंख्याच्या वाऱ्याने तो फडफडायला लागला.

“उडेल हो,” बायको म्हणाली. “काहीतरी ठेवा त्यावर.”

“आणतो,” म्हणून म्हातारा आत गेला. ट्रंकेचं कुलूप उघडल्याचा आवाज आला.

“त्या ट्रंकेला मला कधी हात लावू दिला नाही,” बायको कुजबुजली. “जुने गणवेश आहेत म्हणे.”

म्हातारा बाहेर आला. त्याने हातातली वस्तू कागदावर ठेवली. लाल पट्टा थोडा उडाला होता, पण चौदाचा आकडा स्पष्ट वाचता येत होता.

बायकोने हातातली कपबशी खाली ठेवली. साहेबांनी वाकून पान्यावरच्या आकड्यावरून बोट फिरवलं.

म्हातारा खुर्चीत नीट टेकून बसला आणि हसून म्हणाला, “सही करून पेन परत दिलंत तेव्हा माझी बोटं पोळली होती, साहेब. ताप किती होता हो?”