सातव्या तळघराचा कोड

आबा पुन्हा मेले. दुपारपासून तिसऱ्यांदा.

कॉम्प्युटर लांबलचक ओरडला, पडदा लाल झाला आणि तलवारवाला ढालीसकट आडवा पडला. त्या तलवारवाल्याला आबांनी स्वतःचंच नाव दिलं होतं, गिरधर. आबांनी टोपी सारखी केली, चष्म्यावरून निंबाच्या टेबलाकडे एकदा पाहिलं आणि खेळ पुन्हा लावला. निंबाने मान वर केली नाही.

धुळ्यात गल्ली नंबर पाचात, एका अरुंद जिन्याच्या वर निंबाचा कॉम्प्युटर क्लास होता. सन शहाण्णव. चार कॉम्प्युटर, एक पंखा, दाराबाहेर काढलेल्या चपला. बारा ते चार क्लास रिकामा असायचा, तेव्हा त्याचे वडील, म्हणजे आबा, कापडी पिशवी घेऊन तिथे येऊन बसत. राक्षसाने राजकन्येला किल्ल्याच्या सातव्या तळघरात कोंडलंय, तिला सोडवायचं, असा तो खेळ. सत्तरीचा माणूस, तीस वर्षं भूगोल शिकवलेला मास्तर, पण खेळायला बसला की समोरचा चहा थंड व्हायचा.

बाप-लेक एका घरात राहत, एका पंगतीला जेवत, पण एकमेकांशी बोलत नसत. सतरा वर्षं झाली होती. निंबाची आई भिकुबाई होती तोवर निरोप तिच्यामार्फत जायचे. ती गेल्यावर ते काम निंबाच्या बायकोकडे, सुनंदाकडे आलं. आबांना भाजी खारट लागली हे निंबाला सुनंदाकडून कळायचं, आणि दोघं बसलेले असायचे समोरासमोर. बिचारी पार वैतागली होती.

कारण काय, तर दहावीचा भूगोलाचा पेपर. त्या वर्षी परीक्षेच्या केंद्रावर खिडकी-खिडकीला माणसं लटकली होती. मामा, काका, मोठे भाऊ, सगळे चिठ्ठ्या पुरवत होते. ऐनवेळी एक मास्तर आला नाही म्हणून निंबाच्या वर्गावर आबांना पाठवलं. आबांनी एकच पोरगं धरलं, स्वतःचं. चिठ्ठीवर नद्यांचा नकाशा होता. निंबाला दोन वर्षं परीक्षेला बसायची बंदी झाली. तो सुरतेला गेला, साड्यांची गाठोडी वाहिली, पुढे तिथेच कॉम्प्युटर शिकला आणि मग धुळ्याला परतला. सुरतेला जाताना आईला एवढंच म्हणाला होता, की शंभर पोरं कॉपी करत होती, आबांना मीच दिसलो. ते आबांच्या कानावर गेलं. त्यावर ते काय म्हणाले, कुणालाच माहीत नाही.

आता या खेळाला एक पळवाट होती. खेळताना पाच अक्षरं दाबली, की तलवारवाल्याला मरणच नाही. हा कोड निंबाला सुरतेपासून ठाऊक होता. क्लासच्या पोरांनाही तो सांगायचा, अगदी आबांच्या देखत. पण आबांना कोड? छे! खोटं कशाला सांगा, आबा मेले की निंबाला आतून बरंच वाटायचं. मरा, तो मनात म्हणायचा, प्रामाणिकपणे मरा.

मशीन चौथ्यांदा ओरडलं. आबा उठले. घरी निघाले असतील, असं निंबाला वाटलं. पण ते त्याच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

“निंबा, तो कोड काय शे? माले बी सांग.”

सतरा वर्षांत आबांनी पहिल्यांदा त्याच्याकडे बघून त्याचं नाव घेतलं होतं. निंबाचं पेन जागच्या जागी थांबलं. एवढी वर्षं घोकून ठेवलेलं कितीतरी बोलायचं होतं. त्यातलं एक अक्षर आठवेल तर शपथ.

“आबा, कॉपी शे ती.”

“माहित शे,” आबा म्हणाले. “सांग.”

निंबाने स्टूल ओढलं, त्यांच्या शेजारी जाऊन बसला आणि एकेक अक्षर सांगत गेला. जन्मभर पोरांच्या चिठ्ठ्या फाडणाऱ्या आबांनी एका बोटाने, शोधून शोधून ती पाच अक्षरं दाबली. तलवारवाला आगीतून आरामात चालत गेला.

पण आबांना रस्ताच सापडेना. आता कुठे रे, म्हणून विचारायचे. निंबाने डावीकडे म्हटलं की उजवीकडे वळून भिंतीवर आदळायचे. भूगोलाचे मास्तर आणि दिशा कळत नाहीत, असं निंबा बोलून गेला आणि दोघंही हसले. मग बोलणं खेळावरून सुरतेवर गेलं, सुरतेवरून भिकुबाईवर आलं. तिच्या शेवटच्या आजारपणाबद्दल निंबाला ठाऊक नसलेल्या दोन गोष्टी आबांनी सांगितल्या. चारची पोरं दाराबाहेर चपला काढू लागली तरी राजकन्या तळघरातच होती.

आबा निघाले. उरलेलं उद्या करू, रस्ता तूच दाखव, असं जिन्यातून म्हणाले. निंबा हो म्हणाला.

खुर्चीवर आबांची पिशवी राहिली होती. निंबाने ती उचलली तशी आतून चौकटीच्या कागदांची वही खाली पडली. त्याने उघडून पाहिली. सातही तळघरांचे नकाशे होते, पाऊल न पाऊल मोजून काढलेले. प्रत्येकावर उत्तर दिशेचा बाण, कोपऱ्यात सूची, पाणी निळ्या शाईत, राक्षसाची जागा लाल. सातव्या नकाशात शेवटच्या खोलीपाशी आबांच्या मास्तरी अक्षरात लिहिलं होतं, ‘राजकन्या सुटली.’ खाली तारीख होती. निंबाने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि तारीख पुन्हा वाचली.

पंधरा दिवस आबा मुद्दाम मरत होते.