दुसरा चरण

दोन वर्षांपूर्वी लुंबिनीनं हदगावला आई नागुबाईजवळ बसून तिच्या जात्यावरच्या तीनशे ओव्या लॅपटॉपवर उतरवून घेतल्या होत्या. मधेमधे स्वतःच्या टिपाही टाकल्या होत्या: इथं आई हसली, इथं पदर डोळ्याला लावला. टिपेच्या आधी ती दोन तिरप्या रेघा द्यायची, ऑफिसात प्रोग्राम लिहिताना देतात तशा.

आता ओव्यांचं पुस्तक छापायचं ठरलं. टिपा काढून टाकायला तिनं लातूरच्या खोलीवर छोटासा प्रोग्राम लिहिला. दोन तिरप्या रेघा दिसल्या की तिथून ओळीच्या टोकापर्यंत सगळं पुसायचं, एवढाच नियम. घाईत तो मूळ फायलींवरच चालवला, दुसरी प्रत न ठेवता. क्षणात काम झालं.

फाईल उघडली आणि तिच्या लक्षात आलं. कीबोर्डवर दंडाची उभी रेघ सापडेना म्हणून प्रत्येक ओवीच्या पहिल्या चरणापुढंही तिनं त्याच रेघा देऊन दुसरा चरण त्याच ओळीत लिहिला होता. तीनशेच्या तीनशे ओव्या अर्ध्या उरल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं ती हदगावला पोचली. वर्षभरात आईला घरातल्यांची नावंसुद्धा आठवेनाशी झाली होती. तरी लुंबिनीनं तिचा हात हातात घेतला आणि उरलेला पहिला चरण चालीवर म्हटला, "लेक निघाली शिकाया, यष्टी वळणाला गेली..."

आईचे ओठ हलले. लुंबिनी पुढं वाकली.

"लई ग्वाड हाय गं," नागुबाई म्हणाली. "पुढं काय म्हनती ती बाई?"