वायरमनकाकांचा दावा

“चुकलं,” बातमीदार बाई म्हणाली. “हेही चुकलं, काका.”

सभागृहात खसखस पिकली. वायरमनकाकांनी रुमालाने मान पुसली आणि ते घोटभर पाणी प्यायले. तंत्रनिकेतनाच्या या सभागृहातले सगळे पंखे त्यांनीच बसवलेले. तीस वर्षं इथे नोकरी करून निवृत्त झाले, पण व्यासपीठावरच्या खुर्चीत बसायची वेळ आज पहिल्यांदाच आली होती. समोर कॅमेऱ्यांची रांग होती.

चार दिवसांपूर्वी त्यांनी स्वतःच बाईला फोन केला होता. ज्या आभासी चलनाने जगाला वेड लावलंय, ते बनवणारा निनावी माणूस मीच, असं सांगितलं होतं.

बाई माग काढत या गावापर्यंत आली ती एका जुन्या रजिस्टरमुळे. सुट्टीच्या दिवशी संगणकाची प्रयोगशाळा किती वाजता उघडली, किती वाजता बंद झाली, याच्या नोंदी त्यात होत्या. नाव कुणाचंच नव्हतं. पण त्या निर्मात्याने इंटरनेटवरून जगाला पाठवलेल्या पत्रांच्या वेळा या नोंदींशी तंतोतंत जुळत होत्या. प्रयोगशाळेत तेव्हा सात माणसं कामाला होती. बाईने बातमी छापली आणि त्या सातही घरांची झोप उडाली.

कारण निर्मात्याची नाणी आजवर कुणी हात न लावता पडून होती, आणि त्यांची किंमत ऐकून भल्याभल्यांची नियत फिरली असती. दुसऱ्या एका शहरात असाच संशय एका प्राध्यापकावर आला होता. चौघे जण त्याच्या घरात घुसले. नाण्यांची गुप्त चावी सांग म्हणून त्यांनी त्याची बोटं मोडली. बिचाऱ्याला ती ठाऊकच नव्हती.

“आता सोपा प्रश्न विचारते,” बाई म्हणाली. “हे सगळं तुम्ही कोणत्या भाषेत लिहिलंत?”

काकांनी थोडा विचार केला. “इंग्रजीत.”

पहिल्या रांगेतली संगणकाची पोरं बाकावर डोकं टेकून हसायला लागली. प्राचार्यांनी कपाळाला हात लावला. बाईला मात्र हसू आलं नाही. तिची महिन्याभराची मेहनत डोळ्यांसमोर पाण्यात चालली होती.

“ते जाऊ द्या. तुमच्याकडे चावी असेल ना? ती वापरून एक ओळ पाठवा. सगळ्या जगाची खात्री पटेल.”

“चावी चिठ्ठीवर लिहून ठेवली होती,” काका म्हणाले. “चिठ्ठी पँटच्या खिशात राहिली. पँट धुवायला गेली.”

“काका, खरं सांगा.” बाईचा आवाज आता चढला होता. “तुम्ही ते चलन बनवलेलं नाही. मग रजिस्टरमधल्या वेळा कशा जुळतात?”

काकांनी मान खाली घातली. मग चोरी पकडली गेल्यासारखे हळूच म्हणाले, “रजिस्टर मीच लिहिलं. सहा महिन्यांपूर्वी. पत्रांच्या वेळा बघून बघून भरलं, चहात बुडवून वाळवलं आणि अडगळीच्या खोलीत ठेवून दिलं. म्हटलं, म्हातारपणी जरा नाव होईल.”

बाईने रजिस्टर उघडलं. पानं पिवळट होती. जुनी की चहाची, हे आता कोण छातीठोकपणे सांगणार? तिने ते मिटलं आणि कॅमेरे बंद करायची खूण केली. प्राचार्यांनी काकांना दारापर्यंत सोडलं आणि पुन्हा या आवारात पाऊल टाकू नका, असं सगळ्यांदेखत बजावलं. काका तेवढं ऐकून क्षणभर थबकले. मग मान डोलवून चालू लागले.

गाव सोडण्याआधी बाई काकांच्या घरी गेली. धाकटी बहीण ओट्यावर वह्या तपासत बसली होती. तीही तेव्हा त्याच प्रयोगशाळेत कामाला होती, गणित शिकवायची. आता शिकवण्या घ्यायची. बाईच्या सात जणांच्या यादीत तिचंही नाव होतं.

“तुम्हाला उगाच मनस्ताप झाला,” बाई म्हणाली. “उद्या आम्ही जाहीर माफी छापतोय. इथल्या कुणाचाही त्या चलनाशी संबंध नाही.”

“लहानपणापासून थापाड्याच आहे तो,” बहीण वहीवरची नजर न काढता म्हणाली. “तुम्ही मनावर घेऊ नका.”

बाईने यादीवर आडवी रेघ मारली आणि ती निघून गेली.

थोड्या वेळाने काका गल्लीत शिरले. सभागृहातला प्रकार त्यांच्याआधी गल्लीत पोचला होता. वाण्याने दुकानातूनच हाक मारली, “काय काका, सुट्टे आहेत का?” शिंप्याने मशीन थांबवून दाद दिली. काकाही सगळ्यांबरोबर हसले. वाण्याला म्हणाले, “उद्या छापून देतो.”

घरात शिरून त्यांनी चपला काढल्या. बहिणीने दार लावून घेतलं, खिडकीही ओढून घेतली, आणि त्यांच्यासमोर येऊन बसली.

“चार दिवस घोकून घेतलंस माझ्याकडून,” काकांनी हळू आवाजात विचारलं. “एखादं उत्तर चुकून बरोबर तर नाही ना आलं?”

“एकही नाही, दादा,” ती डोळे पुसत हसली. “पण ते चलन बनवतानासुद्धा माझ्या जिवाची इतकी धाकधूक झाली नव्हती.”