नंबर लागला तर

"भाडं थकलं, तर मालक भाडेकरूला काढू शकतो. प्रश्नात दिलेलं तत्त्व एवढंच म्हणतं," लॉ प्रवेश परीक्षेच्या क्लासमधले सर विराजसच्या चुकलेल्या उत्तरावर बोट ठेवून म्हणाले. "भाडं वेळेवर भरणाऱ्याला काढताच येत नाही, हे तू कुठून आणलंस? त्याच्याबद्दल तत्त्व गप्प आहे. आपल्या मनाचं धरायचं नाही."

विराजसला बाकावर बसवेना. "लॉला नंबर नाही लागला, तर दुकानात बसायचं," पप्पा वर्षभर हेच म्हणत आले होते. नंबर लागला की सुटलो, हे त्यानं आपलं आपणच ठरवून टाकलं होतं.

क्लास अर्धवट सोडून त्यानं भांड्यांचं दुकान गाठलं. पप्पा गिऱ्हाइकासाठी कळशी पुसत होते.

"पप्पा, आणि लागला नंबर, तर?"

पप्पांचं फडकं क्षणभर थांबलं. "आधी लागू तर दे," ते कळशीकडे बघतच म्हणाले, आणि फडकं पुन्हा फिरू लागलं.

विराजस पायरी उतरून मागं वळला. मघाशी घाईत न दिसलेला पेंटर शिडीवरून दुकानाची नवी पाटी न्याहाळत होता. तिच्यावरच्या शेवटच्या दोन शब्दांचा रंग अजून ओला होता: 'अँड सन'.